तीन नंबरचा मेल

“अजून नाही?” चित्रा मॅडमनी फोनवर सकाळपासून सातव्यांदा विचारलं.

“नाही मॅडम. बघतोय,” संदेश म्हणाला आणि त्याने तळहाताचा घाम पँटला पुसला. खोलीतला एसी अठरावर होता.

डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या केमिकल कंपनीचा मेल सर्व्हर प्लांटसमोर, रस्त्यापलीकडच्या ऑफिसात होता. तो सांभाळायला संदेश एकटा. सर्व्हर नीट चालला की त्याला कोणी विचारत नसे, बिघडला की सगळ्यांना त्याचं नाव आठवे. आज ठाण्याच्या हेड ऑफिसने सकाळी नऊला पाठवलेला मेल दीड वाजला तरी प्लांटवर पोहोचला नव्हता.

मेल तीन नंबरच्या रिअ‍ॅक्टरबद्दल होता. त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह मध्येच अडकतो, अशी नोंद ऑपरेटरने मंगळवारी रजिस्टरात केली होती. नवा व्हॉल्व्ह शनिवारी कल्याणहून येणार होता. तोवर काय करायचं, ते हेड ऑफिस कळवणार होतं. प्लांट सांभाळणाऱ्या चित्रा मॅडम पडल्या शिस्तीच्या. तोंडी हुकूम त्यांना चालत नसे, व्हॉट्सअ‍ॅपवरचा तर नाहीच. कंपनीच्या मेलवर आलेलं छापून फाइलला लागल्याशिवाय त्या कशाला हात लावत नसत.

नोंद करणारा ऑपरेटर म्हणजे सहदेव, संदेशचे बाबा. सकाळी कोपरच्या घरात डबा पिशवीत ठेवताना ते सहज बोलावं तसं म्हणाले होते, “पाणी थांबलं ना, की रिअ‍ॅक्टर कुणाच्या बापाचं ऐकत नाही रे.”

पोळी लाटता लाटता आईचा हात थांबला. एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्यांना अशा वाक्याचा अर्थ विचारावा लागत नाही. स्फोटाचा आवाज त्यांनी घरात बसून ऐकलेला असतो.

दोन वाजता हेड ऑफिसमधून स्वानंद सरांचा फोन आला.

“बाकी सगळे मेल येतायत, मग आमचाच कसा अडकतो रे?”

“सर, फिल्टर कधीकधी अटॅचमेंटवर अडतो. लॉग तपासतोय.”

“तीनदा पाठवला मी! हे बघ, चार वाजता सर्व्हरवाल्या कंपनीचा माणूस येतोय. त्याला तुझी चूक सापडली, तर शनिवारपासून यायची तसदी घेऊ नकोस.”

फोन आदळला. संदेशने पुन्हा अडकलेल्या मेलची रांग उघडली. तिन्ही मेल दवाखान्यातल्या पेशंटसारखे निमूट बसून होते. त्याने घड्याळ पाहिलं. प्लांटमध्ये पाळी एकच, सात ते साडेतीन. उद्या शुक्रवार, म्हणजे एमआयडीसीची सुट्टी.

बाहेर ट्रकचं फाळकं दाणकन आपटलं आणि तो खुर्चीतून उडालाच. खिडकीतून प्लांटकडे पाहिलं. काही नव्हतं. हमाल पिंपं उतरवत होते.

तीनला पुन्हा मॅडम. “अरे संदेश, माणसं ताटकळलीत इथे.”

“होईल मॅडम. प्र... प्रयत्न चाललाय.”

“घाबरू नकोस एवढा. स्वानंदना मी सांगेन काय ते. शांतपणे कर. तुझा मेल आला की आम्ही सगळे सुटलो.”

त्या चांगल्या बोलल्या, म्हणून त्याला जास्तच अपराधी वाटलं. देवा, अर्धा तास फक्त, असं तो मनात म्हणाला. देव त्याला एरवी परीक्षेच्या निकालालाच आठवे.

साडेतीनला भोंगा झाला.

संदेशने मोठा श्वास सोडला. मग तो आणखी पंधरा मिनिटं नुसता बसून राहिला. हातपाय धुवायला, कपडे बदलायला, पंचिंगला तेवढी लागतातच. पावणेचारला त्याने सकाळी नऊला पहिला मेल सर्व्हरवर पडताच स्वतःच्या हाताने घातलेला अडसर काढला आणि त्याचा मागही पुसला. तिन्ही मेल धडाधड सुटले. ‘जुन्या व्हॉल्व्हवरच चालवा, आजच’ ही त्यांतली ओळ त्याला पाठ झाली होती. आता चालवा म्हणावं खुशाल, शनिवारी, नव्या व्हॉल्व्हवर!

जिना उतरताना त्याला दिवसभरात पहिल्यांदा भूक लागली. बाबांना रिक्षात बसवायचं, वाटेत गरम वडे घ्यायचे, आईला काही सांगायचं नाही. रस्ता ओलांडून तो गेटवर आला. वॉचमन आनंदा एकटाच चहा पीत बसला होता.

“पाळी सुटली ना, काका?”

“कसली सुटते! मेल आल्याशिवाय कोणी हलायचं नाही म्हणून मॅडमनी सगळ्यांना ओव्हरटाइमला थांबवलं,” आनंदा म्हणाला. “आत्ता आला म्हणे एकदाचा. तुझे बाबा गेलेत ना, तीन नंबर चालू करायला.”