टोपीतले बाबा

कंगव्यात नऊ केस. दाराशी खाणावळीचा, एकट्याचा डबा. भिंतीवर हार घातलेला, टोपीतल्या बाबांचा फोटो.

"वडिलांना टक्कल होतं का? घरी विचारून सांगा," त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. फोटोवरून काही कळेना, म्हणून मी साताऱ्याला आईला फोन लावला.

"बाबांचे केस कसे होते गं?"

"चांगले दाट होते रे." आई हसली. "आता मात्र पार विमानतळ झालंय."

"आता?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी.

"आई, बाबा कुठे आहेत?"

"भाजी करपतेय," म्हणत तिनं फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. तिनं उचलला नाही. हे सांगायला मला दुसरं कुणी नव्हतं.

बाबा वारले म्हणून माझं मुंडन केलं, तेव्हा मी सात वर्षांचा होतो.