सात नंबरचा नर

"अहो, कात्री आणा. लहानवाली."

ती उबवणीच्या पेटीवर वाकली होती. नवऱ्याने कात्री आणली.

पेटीत बॉल पायथन ह्या छोट्या अजगराची सहा अंडी होती. पांढरी, मऊ चामड्यासारखी, एकमेकांना चिकटलेली. आज साठावा दिवस होता. एका अंड्याला सकाळीच चीर पडली होती. उरलेल्यांना आता ती हलक्या हाताने वाट करून देणार होती.

शाळेत जीवशास्त्र शिकवणं संपल्यावर तिने सापांची ही खोली मांडली, त्याला सहा वर्षं झाली. भिंतीला लागून डब्यांच्या रांगा. प्रत्येक सापाचं एक कार्ड, आणि कार्डावर त्याच्या डोक्यावरच्या नक्षीचं पेन्सिलीने काढलेलं चित्र. सगळा भरवसा सात नंबरच्या नरावर होता. दिसायला अगदी साधा, काळा-तपकिरी. पण त्याच्या दोन भावंडांच्या अंगावर पांढरे पट्टे निघाले होते. तो गुण ह्याच्यातही दडलेला असणार, असं तिचं म्हणणं होतं. पडताळायचा मार्ग एकच. पांढऱ्या पट्ट्यांच्या मादीशी जोडी लावायची. गुण असेल तर साधारण निम्मी पिल्लं पट्ट्यांची. नसेल तर एकही नाही. पेटीतली अंडी त्याच जोडीची होती.

"नाही निघालं तर खोली रिकामी करते," ती महिन्यापूर्वी म्हणाली होती. "ह्या वयात पुन्हा पहिलीपासून सुरुवात नको."

एकही निघणार नाही, हे नवऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी ती तीन आठवडे बहिणीकडे गेली होती. तेव्हा त्याने सात नंबरच्या डब्याची कडी नीट लावली नाही. सकाळी डबा रिकामा. त्याने गाद्या उलटल्या, कपाटं उपसली, बुटांत हात घालून पाहिलं. नर गेला तो गेलाच.

ती रोज फोनवर विचारायची, "सात नंबर बरा आहे ना?"

"मजेत आहे."

शेवटी त्याने दुकानातून तसाच एक साधा नर आणून डब्यात ठेवला. नवरा मुद्रितशोधक होता. छापलेल्या पानातला हरवलेला अनुस्वार त्याला हातभर अंतरावरून दिसे. पण साधे साप त्याला सगळे सारखेच दिसत.

ती परत आली. प्रत्येक डब्यात डोकावली. त्याच संध्याकाळी तो भाजी घेऊन आला तर फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे ओढलेला.

"हे काय?"

"मागे साफ केलं. मोटरपाशी छान ऊब असते हो, काय काय जाऊन बसतं तिथे!"

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत एक नवा डबा दिसला.

"पाहुणा आलाय," ती म्हणाली. "बाहेरून आलेला जीव तीन महिने वेगळा ठेवायचा, नियमच आहे."

"कुणाचा?"

"आहे एकांचा. ओळखीतले आहेत."

तीन महिन्यांनी पाहुणा खालच्या रांगेत आला. दर रविवारी त्याचा डबा नवराच पुसायचा. पाहुण्याशी गप्पाही मारायचा. सात नंबरच्या डब्याकडे मात्र तो दोन वर्षं मान वर करून बघत नव्हता.

तिने पहिलं अंडं उघडलं. तपकिरी.

दुसरं. तपकिरी.

"अगं, तुला एक सांगायचं होतं—"

"आत्ता नको. हात हलेल माझा."

तिसरं. तपकिरीच. तिने कात्री पुसली, चष्मा सारखा केला. तो स्टुलावर टेकला. बायकोची सहा वर्षं आपण एका कडीपायी पाण्यात घातली. आता चौथं झालं की सांगून टाकायचं, मग जे होईल ते होईल.

चौथ्या अंड्याच्या चिरेतून दुधासारखं पांढरं अंग दिसलं. दोन तपकिरी ठिगळांमधला रुंद पट्टा.

"निघालं!" ती ओरडली. "अहो, निघालं!"

पाचवंही पट्ट्यांचं निघालं. सहावं साधं. तोवर नवऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"तुम्हाला रडायला काय झालं? बाळंत काय तुम्ही झालात?"

दुकानातल्या त्या साध्या नरातही नेमका तोच गुण दडलेला असावा! लाखातली एक गोष्ट. त्या नराचे पाय धरावेत असं त्याला वाटलं. मग सापाला पाय नसतात हे आठवून तो रडता रडता हसला. दोन वर्षांत पहिल्यांदाच छाती मोकळी झाल्यासारखी वाटली. आता सांगायची गरजच उरली नव्हती.

"मघाशी काय सांगत होतात?" तिने विचारलं.

"काही नाही गं. चहा टाकू का, एवढंच."

ती त्याच्याकडे बघून हसली. "मीच टाकते. तुम्ही पिल्लांची ही सहा कोरी कार्डं पेटीत सगळ्यांत मागे लावा."

ती स्वयंपाकघरात गेली. त्याने कार्डांची पेटी ओढली. ह्या पेटीला त्याने आजवर हात लावला नव्हता. सगळ्यांत मागे पाहुण्याचं कार्ड होतं. सवयीने त्याने ते चष्म्याजवळ धरलं आणि ओळीखाली बोट ठेवून वाचलं.

नाव: पाहुणा. नर, साधा.
कधी आला: मी बहिणीकडे असताना.
कोणी आणला: ह्यांनी.
का आणला: अजून सांगितलेलं नाही.