ढालीवरचा पोचा

"माझं नाव तुमच्याहून जास्त टिकेल," अशी फुशारकी त्याने प्राचीन ग्रीक देवांसमोर मारली. देवांनी शाप दिला, "नजरेआड झालास की लोक तुला विसरतील." तेव्हापासून घरमालकिणी त्याला रोज नव्याने खोली दाखवायच्या. शेवटी तो खलनायक झाला. लढताना तरी समोरचा नजर हटवत नाही. आजही त्याने उड्डाणपूल हलवताच सुपरहिरो धावून आले. "कोण रे तू?" ढालवालीने दरवेळेसारखं विचारलं. तोही तिच्या ढालीवर नेहमीच्याच जागी ठोसा हाणून भिंतीआड पळाला. दिसेनासा होताच सगळे त्याला विसरले. "ताई, ढालीला हा पोचा कशाने आला? ठोकून सरळ करू?" साथीदाराने विचारलं. "आठवत नाही रे. पण राहू दे. एकटी असले की हात आपसूक तिथेच जातो." भिंतीआड ऐकताना त्याची मूठ सैल झाली. उद्या हळू मारायचं, त्याने ठरवलं.