आधी हीटर

"पंखा राहू दे," वामनराव म्हणाले. "आधी हीटर पाहू."

सुरज मिस्त्रीने बॉनेटखालून मान बाहेर काढली आणि कानाला गुंडाळलेला दुपट्टा जरा सैल केला. गोंडपिपरीच्या त्याच्या गॅरेजात गिऱ्हाइकांनी आजवर नाना मागण्या केल्या होत्या. एकाने हॉर्नमध्ये म्हशीचा आवाज बसवून मागितला होता. हीटर मागणारं गिऱ्हाईक मात्र पहिलंच.

"सर, पुढच्या पंख्याची मोटर जळली. नवी चंद्रपूरहून आणा लागते, उद्या येईन. गाडी आष्टीपासून दोनदा बंद पडली म्हणता. आन् तुमाले हीटर पायजे?"

"पायजे. लावला त नुसती बाहेरची हवा येते, गरम हवा येतच नाई. काऊन येत नाई ते शोधू."

वामनराव रामटेके अहेरीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. प्रश्न समोर आला की आधी फळा शोधायचा, ही त्या धंद्यातली खोड. इथे फळा नव्हता, म्हणून ते गाडीच्या धुळकट काचेवर बोटाने आकृती काढायला लागले.

पानठेल्याच्या बाकावर त्यांच्या पत्नी रुखमाबाई पदराने तोंड झाकून बसल्या होत्या. शेजारी मुलगी खुशबू उभी. हातात कागदांची फाइल. संध्याकाळी पाचच्या आत तिला चंद्रपूरच्या कचेरीत हजर व्हायचं होतं. कनिष्ठ अभियंत्याची जागा. प्रतीक्षा यादीतून नाव कसंबसं वर सरकलेलं. पाचनंतर आलं तर जागा पुढच्याची. एसटी निघून गेली होती आणि अशा हवेत भाड्याची गाडी काढायला गावात कोणी तयार नव्हतं. वारा असा सुटला होता की कान उघडे ठेवणारा माणूस अंथरूण धरायचा. भर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"बाबा, हीटरचं नंतर पाहा ना. पहिले गाडी निघाली पायजे."

"तेच त करून राह्यलो."

"पोरीची नोकरी जाऊन राह्यली," रुखमाबाई पदराआडून म्हणाल्या, "आन् ह्यायले अंग शेकाचं पडलं."

पानठेलेवाल्या इसरूभाऊने वाफाळता चहा पुढे केला. "बाई, मास्तर लोकायचं असंच असते. आमच्या शाळेच्या छपराले आग लागली, त मास्तरनं पहिले हजेरी घेतली."

मागच्या बाकांकडे दुर्लक्ष करण्याचा वामनरावांना आयुष्यभराचा सराव होता.

"ऐक सुरज. हवा जोरात येते, म्हणजे ब्लोअर चांगला. बटन लालवर नेलं का आतली झडप वाजते, म्हणजे तेही चांगलं. राह्यलं काय? पाणी. इंजिनातलं गरम पाणी हीटरपर्यंत गेलंच नाई, त हवा कशी गरम होईन? लाव हात."

सुरजने इंजिनाकडच्या पाइपला हात लावला आणि चटका बसताच मागे घेतला. मग हीटरकडे जाणाऱ्या नळ्या धरल्या, आणि धरूनच राहिला.

"ह्या त आरामात धरता येते, सर."

"मंग?"

"इकडे पाणी येऊनच नाई राह्यलं."

दोघांनी नळ्यांचा माग काढला. इंजिनामागे, हात जेमतेम पोचतो अशा जागी, कोण्या कारागिराने दोन्ही नळ्यांची तोंडं बांधून टाकली होती. इंजिनाचं पाणी एका वाकड्या पाइपने आल्या वाटेने परत फिरवलं होतं.

सुरज ओशाळला. "हे आमचंच काम हाय, सर. म्हणजे माझं नाई, इकडच्या साऱ्या मिस्त्र्यायचं. गाडी जुनी झाली का आमी पहिले हीटर तोडतो. इथी कोणाच्या बापाले लागते हीटर? फुकट एक पाइप फुटाची भीती."

"हिच्या बापाले लागते," वामनराव खुशबूकडे बोट दाखवून म्हणाले. "जोड."

वाकडा पाइप निघाला, नळ्या जागेवर बसल्या, क्लॅम्प आवळले गेले. वामनरावांनी गाडीचं तोंड चढावर करायला लावलं आणि पाणी ओतता ओतता नळी दाबून आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर काढली. इसरूभाऊने न मागता बादली आणून दिली, पण टोमणा ठेवून घेतला नाही. "भरा, भरा. आंघोळीपुरतं आमालेही तापवा."

इंजिन सुरू झालं. वामनरावांनी तळहात जाळीसमोर धरला. आधी तीच बाहेरची हवा. मग त्यांनी हात झटकन मागे ओढला. आत जणू भट्टीचं तोंड उघडलं होतं.

"आली!"

कॉलेजच्या पहिल्या निकालालाही ते असे ओरडले नव्हते. सुरजने पाना कपाळाला लावून सलाम ठोकला. रुखमाबाईंनी पदर बाजूला करून नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कौतुक नव्हतं, पण रोज जे असायचं तेही नव्हतं.

"बसा. हीटर बंद कराचा नाई, गाडी थांबवाची नाई."

कोठारी गेलं. बल्लारपूरच्या अलीकडे कोळशाच्या ट्रकांची रांग लागली आणि गाडी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. वामनराव रस्त्यापेक्षा समोरच्या एका काट्याकडेच जास्त पाहत होते. काटा लाल रेघेकडे जायचा, विचार करायचा आणि मागे यायचा. दर वेळी ते ब्लोअर एक खटका वाढवायचे.

कचेरीपाशी पोचले तेव्हा पाच वाजायचे होते. खुशबू धावत आत गेली. आतून तिचं नाव पुकारलं गेलं आणि तिचा आवाज पार फाटकापर्यंत आला. "हजर!"

फाटकावरच्या शिपायाने रुखमाबाईंसाठी गाडीचं दार धरलं आणि आतला झोत लागताच तो मागे सरला. नवराबायको विहिरीतून काढल्यासारखे निथळत होते. शिपायाने लालवर असलेलं बटन पाहिलं, मग चौकात सत्तेचाळीस डिग्री दाखवणारी पाटी.

"सर, मे महिन्यात हीटर?"

"इंजिन थंड करणारा पुढचा पंखा जळला, भाऊ," वामनराव कपाळावरचा घाम बोटाने निपटत म्हणाले. "इंजिनाचा ताप कोणीतरी घ्याले पायजे होता. आमी तिघायनं वाटून घेतला."