संगीत रणरागिणी

पहिल्या अंकाचं शेवटचं गाणं रंगात आलं होतं, आणि नेमकी तेव्हाच पहिल्या रांगेतली शेवंतीआजी उठून उभी राहिली. मांडीवरचा सत्काराचा नारळ घरंगळत रंगमंचाच्या पायरीला जाऊन आपटला.

नाटक तिच्यावरच होतं. उभा जन्म बाजारात मासे विकणारी आणि बाजारातल्या बायकांच्या हक्कासाठी कचेरीशी भांडलेली शेवंती. सावंतवाडीच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या निकेतने तिच्यावर संगीत नाटक लिहिलं होतं आणि आजच्या दुपारच्या पहिल्या प्रयोगाला तिलाच प्रमुख पाहुणी केलं होतं.

रंगमंचावर तरुण शेवंती झालेली तन्वी कडक इस्त्रीच्या नऊवारीत, पुठ्ठ्याच्या विहिरीपाशी हात जोडून गात होती, "पाण्यासाठी आले दारी, ऐका माझे कारभारी..."

"ही बाव खंयची?" आजीने विहिरीकडे बोट दाखवून विचारलं. तिचा आवाज बाजाराच्या या टोकाकडून त्या टोकाला जायला सरावलेला होता. माइकची गरज पडली नाही. तन्वी गायची थांबली.

निकेत विंगेतून अर्धा बाहेर आला. "आजी, बस गो. नाटक चालू आसा."

"तां माका दिसता. पण पाणी कोणी मागलल्यान? आमी संडासासाठी भांडलेलाव!"

मागच्या बाजूला मासेवाल्या बायका बसल्या होत्या. तिकडून हशा उठला. पहिल्या रांगेतले पंचायत समितीचे सभापती कार्यक्रमपत्रिका वाचू लागले.

"गो आजी," निकेत काकुळतीला आला, "संडासावर गाणा कसा लिवतलंय? पावणेमंडळी आसत. म्हणान पाणी केलंय."

"पाणी! अरे, पाणी पिवक आमी घाबरत होताव. सकाळपासून बाजारात बसायचा, आणि बायकांक जावक जागा नाय. तांबयो भरून बाजूक, पण कोण तोंडाक लावी नाय." आजीची नजर पेटीवाल्याकडे गेली. "माझ्या बाजूक मरियम बसायची. डॉक्टरान तिका सांगल्यान, लघवी कोंडून ठेव नको. ती म्हणाली, मगे खंय जाव ता पण सांगा. त्याच दुखण्यात गेली. ती खंय आसा तुझ्या नाटकात?"

आतापर्यंत हळूहळू वाजत राहिलेली पेटी थांबली. पेटीवर दाऊद होता, मरियमचा मुलगा. त्याने भात्यावरचा हात काढला आणि निकेतकडे पाहिलं.

"तिचो एक प्रवेश होतो," निकेत पुटपुटला. "नाटक लांबाक लागला म्हणान काढलंय."

तन्वीच रंगमंचाच्या कडेला येऊन उकिडवी बसली. "आजी, मगे तुमी काय केलास?"

"काय करतलाव? सगळ्यांनी टमरेलां घेतली आणि कचेरीत साहेबाच्या टेबलासमोर रांगेन बसलाव. म्हटला, साहेबानू, आमका जागा दाखवा, नायतर आमी ही पसंत केली."

सगळं नाट्यगृह हसायला लागलं. सभापतींनाही कार्यक्रमपत्रिका तोंडाशी धरावी लागली. "मगे?" मागून कोणीतरी ओरडलं.

"मगे काय! साहेबान उभ्याउभ्या हुकूम काढल्यान. बसाक तयार नाय तो."

दाऊदने डोळे पुसले. पाणी हसण्याने आलं होतं की कशाने, ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्याने पेटीवर पुन्हा तीच चाल धरली आणि स्वतःच गायला लागला, "संडासाला आले दारी, ऐका माझे कारभारी..."

एक मात्रा इकडची तिकडे झाली नाही. निकेतने कपाळावर हात मारला. तन्वीने नऊवारीचा पदर कमरेला खोचला, विहीर पायाने बाजूला सारली आणि सूर उचलला. मागच्या बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. पडदा पडला तरी गाणं थांबेना.

मध्यंतर झालं. निकेत पडद्यामागे दुसऱ्या अंकाचे कागद घेऊन बसला. मरियमला कुठे आणायचं ते तो पेन्सिलीने लिहीत होता. दुसरी घंटा झाली तरी तन्वीचा पत्ता नव्हता, म्हणून तो शोधायला बाहेर आला. समोर नाट्यगृहाच्या पायऱ्यांपर्यंत बायकांची रांग. रांगेत तन्वी, तिच्यामागे त्याची स्वतःची बायको संचिता, आणि सगळ्यांच्या पुढे खांद्यावर शाल घेतलेली शेवंतीआजी. 'स्त्रिया' लिहिलेल्या पत्र्याच्या दाराला हे भलंमोठं कुलूप.

"आत जुन्या खुर्च्या भरल्या आहेत, सर," वॉचमन म्हणाला. "किल्ली मॅनेजरकडे, आणि मॅनेजर गेलेत कुडाळला. एरवी बायका नाटकाला येतात कुठे एवढ्या!"

निकेतने आजीकडे पाहिलं. ती एक पाऊल बाजूला झाली फक्त, त्याला कुलूप नीट दिसावं म्हणून.

तो आत गेला आणि नेपथ्याचे खिळे ठोकायची हातोडी घेऊन आला. "जरा सरा गो," म्हणाला. पहिला घाव चौकटीवर बसला, दुसरा त्याच्याच बोटाला चाटून गेला. बायका हसल्या. तो हसला नाही. त्याने हातोडी दोन्ही हातांनी धरली आणि तिसरा घाव असा घातला की कुलपासकट सगळं दार घणघणलं.

आत नाट्यगृहात बसलेल्या पुरुषांना वाटलं, तिसरी घंटा झाली. त्यांनी मोबाइल बंद केले, खुर्च्यांवर सावरून बसले आणि पडदा उघडायची वाट पाहू लागले.