बेस पिकअप

ऋषिकेशच्या बेस गिटारचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडून स्पीकरपर्यंत पोचवणारा तो चुंबक, पार कामातून गेला होता. महाल भागातल्या ओळखीच्या दुकानदाराने तीन नवे पिकअप दिले, म्हणाला, घरी वाजवून बघ आणि आवडेल तो ठेव. आठवडा झाला तरी स्वारीचं ठरेना. बायकोने, मिनलने, तर कधीच हात टेकले होते. तेवढ्यात पारशिवनीहून भागीरथाआत्या राहायला आली आणि त्याला हक्काचा पंच सापडला. आत्याकडे कौतुकाचा शब्द एकच. भाजी जमली की ‘बेस’, सून आवडली तेव्हाही ‘बेस’.

त्याने पहिला पिकअप बसवला आणि आवाज चढवून वाजवायला लागला. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं. त्या दणदणाटात दिवाणावरून ऐकू आलं, “बेस!”

दुसऱ्याला आत्या चक्क उठून उभी राहिली. “बेस, बेस!”

तिसऱ्याला तर तिने दोन्ही हात जोडले. डोळ्यांत पाणी. “बेस गा, बेस!”

“ठरलं! तिसराच! आत्यापण ‘बेस’ म्हणतेय!” ऋषिकेशने खुशीत स्पीकर बंद केला आणि उरलेले दोन परत करायला पिशवीत टाकले.

आत्याने कानांतले कापसाचे बोळे काढले आणि मिनलकडे वळली.

“काहून वं, याले ऐकू कमी येते काय? मी कधीची ‘बस, बस’ म्हणून राहिली, अन् हा ‘बेस’ समजून राहिला!”