काकीची सही

गडबच्या सरूकाकीला मूलबाळ नाही. पुतण्या रितेश मात्र गेले दोन महिने कंपनीतली शिफ्ट संपली की रोज तिच्या ओटीवर येऊन बसायचा आणि तिचं बोट धरून सुपातल्या पिठात सही गिरवून घ्यायचा. "काकी, अंगठ्याचा जमाना गेला गो," म्हणायचा.

सत्तराव्या वर्षी स्वतःचं नाव लिहिता आलं, तेव्हा काकीने आळीत घरोघरी गूळ वाटला.

"आता वाचायला पन शिकव," ती म्हणाली.

रितेश हसला. "सही येतेय ना? बास झालं."

आज पेणच्या कचेरीत त्याने पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर तिने जीभ दातांत धरून, एकेक अक्षर सावकाश काढत सही केली. पेन्शनचे कागद हायत, असं तो येताना म्हणाला होता.

शेवटच्या कागदावर शिक्का मारून टेबलामागच्या बाई कौतुकाने म्हणाल्या,



"बरं झालं आजी, तुम्हाला सही येते ते. अंगठा असता तर जमिनीचं हे अख्खं संमतीपत्र तुम्हाला वाचून दाखवावं लागलं असतं."